भांडे शुद्ध कधी होते?

घरी बिअर करायची तर आधी एक मोठे भांडे लागते, आणि ते बहुधा स्वयंपाकघरातूनच येते. एका खेपेची बिअर साधारण 19 लिटर होते. उकळताना ती उतू जाऊ नये म्हणून भांडे 30 लिटरच्या आसपासचे हवे. अमेरिकेत आख्खी टर्की तळण्यासाठी घेतलेले अॅल्युमिनियमचे पातेले या कामी येते. तिथल्या मराठी घरात पन्नास पानांच्या पंगतीसाठी घेतलेला स्टीलचा टोप असतो. कायद्याचे म्हणाल तर, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 1978 मध्ये सही केलेला आणि फेब्रुवारी 1979 पासून अमलात आलेला कायदा घरापुरत्या बिअरला केंद्रीय करातून सूट देतो. एकट्या प्रौढाला वर्षाला 100 गॅलन आणि एकाहून अधिक प्रौढांच्या घराला 200 गॅलन अशी त्याची मर्यादा आहे. ब्रिटनने परवान्याची अट 1963 मध्येच काढली होती. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणे आजही गुन्हा आहे.

काल रस्सा शिजलेल्या टोपात उद्या जवाचा काढा उकळायचा, यात तशी अडचण नाही; टोप घासला की झाले. पण त्याच टोपात पुढे गौरी जेवणाच्या दिवशी खीर करावी का, हा प्रश्न घासणीने सुटत नाही. घरातली एक व्यक्ती म्हणते, स्टील आहे, धुतले की संपले. दुसरी म्हणते, नैवेद्याला ते भांडे नको. दोघींना एकमेकींचे म्हणणे खुळचट वाटते. वास्तविक हा वाद फार जुना आहे आणि धर्मशास्त्रकारांनी, यहुदी रब्बींनी, मुसलमान फकीहांनी (धर्मकायद्याच्या पंडितांनी) तो कमालीच्या बारकाईने लढवला आहे. भांड्याला लागलेले काय निघते, काय निघत नाही आणि निघाले हे कुणी ठरवायचे, असे त्याचे तीन पदर आहेत.

आधी जे निघते त्याबद्दल. बिअर करणाऱ्याला भांड्यावरचा तेलकटपणा चालत नाही. फोडणीच्या तेलाचा पुसटसा थर राहिला तरी बिअरचा फेस बसतो. हळद-मसाल्याचा वास प्लास्टिकच्या डब्यात आणि झाकणाच्या रबरी कडीत मुरलेला असतो. तो स्टीलमध्ये मुरत नाही. स्टीलच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि गंजापासून संरक्षण तोच करतो. लोखंडी काथ्याने घासले तर त्याचे कण स्टीलमध्ये रुततात आणि गंजतात. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये भांडे बुडवून ठेवले तर त्यावर बारीक खड्डे पडतात. म्हणून सोडियम परकार्बोनेट वापरतात. ते पाण्यात विरघळले की धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, आणि चिकटलेले प्रथिन व तेल सुटते. अॅल्युमिनियमला मात्र हा क्षार मानवत नाही. भांडे काळे पडते. अॅल्युमिनियमचे नवे पातेले वापरण्यापूर्वी त्यात नुसते पाणी अर्धा तास उकळतात. ते करडे, निस्तेज दिसू लागले की ऑक्साइडचा थर पक्का झाला असे समजायचे. पुढे ते घासून चकचकीत करायचे नाही. भांड्याच्या चकाकीवरून घरच्या बाईची परीक्षा करणाऱ्या आपल्या समाजाला हे पटायला जड जाईल, पण इथे चकाकणारे भांडे कमी तयारीचे असते.

पितळेचे प्रकरण वेगळे आहे. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, काढा थोडा आम्लधर्मी असतो आणि आंबल्यावर तो आणखी आंबट होतो, त्यामुळे कल्हई उडालेले पितळी पातेले त्यासाठी वापरू नये. पितळी तोटी बसवायची असेल तर तिच्या पृष्ठभागावरचा शिशाचा अंश काढण्यासाठी दोन भाग व्हिनेगर आणि एक भाग हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणात ती काही मिनिटे बुडवतात. वारंवार वापरलेल्या भांड्यात कॅल्शियम ऑक्झलेटचा करडा खरखरीत थर साचतो. तो क्षाराने हलत नाही, त्याला आम्लच लागते. थोडक्यात तेलाला क्षार, दगडासारख्या थराला आम्ल आणि शेवटी भरपूर पाणी.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील आणि शिसे यांची शुद्धी ज्याला जे योग्य असेल त्याप्रमाणे क्षार, आम्ल आणि पाणी यांनी करावी असे तिथे सांगितले आहे. सोन्याच्या भांड्याला काही चिकटलेले नसेल तर नुसते पाणी पुरते. राख, माती, चिंच ही आपल्या आजीच्या मोरीतली सामग्री याच विधानाची वारस. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायातही हे प्रकरण स्वतंत्रपणे आले आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात पातक, प्रायश्चित्त, आशौच आणि शुद्धी हे विषय एकत्र घेतले, कारण परंपरेतच ते एकमेकांना चिकटलेले आहेत.

स्मृतिकारांना केवळ घाण आणि पाप यांची गल्लत करणारे म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण मनूने दिलेली कसोटी पाहिली तर तसे करवत नाही. वस्तूला लागलेल्या अमंगळाचा वास आणि लेप जाईपर्यंत माती आणि पाणी वापरत राहावे, ही ती कसोटी. वास आणि लेप दोन्ही इंद्रियांना कळतात. बिअर करणारा नेमके हेच करतो. भांड्याच्या आतून बोट फिरवतो, नाक आत घालतो. बोटाला बुळबुळीत लागले नाही, नाकाला काही आले नाही, तर भांडे स्वच्छ. इथपर्यंत धर्म आणि रसायन यांच्यात भांडण नाही.

भांडण मातीच्या मडक्यापाशी सुरू होते. मातीचे भांडे विटाळले तर ते पुन्हा भट्टीत घालून भाजले की शुद्ध होते, असा सर्वसाधारण नियम आहे. लगेच पुढे अपवाद येतो. मद्य, मूत्र, विष्ठा, थुंकी, पू किंवा रक्त लागलेले मातीचे भांडे पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही. मद्य या यादीत पहिले आहे. बिअर या मद्याच्या कोणत्या प्रकारात बसते याबद्दल शंका राहत नाही. मनूने अकराव्या अध्यायात सुरेचे गुळाची, पिठाची आणि मधाची (किंवा मोहाची) असे तीन प्रकार सांगितले. मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराच्या मते सुरा या शब्दाचा मुख्य अर्थ धान्याच्या पिठापासून केलेली, म्हणजे पैष्टी. मोड आलेल्या जवापासून होणारी बिअर तिचीच सख्खी बहीण. मनूच्या त्याच अध्यायात सुरेच्या भांड्यात ठेवलेले नुसते पाणी प्यायले तरी पाच दिवस शंखपुष्पी घालून उकळलेल्या दुधावर राहण्याचे प्रायश्चित्त आहे. पाण्यात मद्याचा थेंब नसला तरी दोष आहे. तो भांड्यातून आला.

धातूला मात्र या बाबतीत सवलत आहे. कास्याचे भांडे राखेने शुद्ध होते, पण सुरा लागली असेल तर ते अग्नीत तापवून खरवडावे असे काही स्मृतींत येते. मातीला सुटका नाही, धातूला आहे, आणि हा फरक मनमानी नाही. मातीचे भांडे सच्छिद्र असते. त्यात पाणी झिरपते, तेल मुरते, दही लावले तर दुसऱ्या दिवशीचे दूध आपोआप विरजते. सुरेचा अंश खरोखरच भिंतीत शिरतो. पण मग पुन्हा भाजल्याने तो जळायला हवा. भट्टीच्या उष्णतेत यीस्ट, अल्कोहोल, साखर यांतले काहीच टिकत नाही. तरीही अपवाद आहे, म्हणजे स्मृतिकारांच्या मनात मुरलेल्या पदार्थाखेरीज आणखी काहीतरी होते.

भट्टीत गेलेले मडके बाहेर येताना तेच राहते का, हा भारतीय दर्शनांतला एक नावाजलेला वाद. कच्चे काळे मडके भाजल्यावर तांबडे होते. वैशेषिकांचे मत असे की उष्णतेने मडक्याचे अवयव परमाणूंपर्यंत सुटे होतात, रंग परमाणूंत बदलतो आणि मग नवे मडके उभे राहते. डोळ्यांना ते कळत नाही इतकेच. नैयायिक म्हणतात की मडके सबंधच भाजते, ते सच्छिद्र असल्याने उष्णता आत शिरते आणि तेच मडके नवा रंग धारण करते. पहिल्या मताला पीलुपाक आणि दुसऱ्याला पिठरपाक म्हणतात. वैशेषिकांचे खरे मानले तर पुन्हा भाजलेले सुरेचे मडके हे नवे मडके आहे आणि जुन्याचा दोष त्यावर लादता येत नाही. नैयायिकांचे मानले तर ते जुनेच आहे, फक्त त्याचे काही गुण बदलले, आणि बाकीचे टिकले असू शकतात. स्मृतीतला अपवाद नैयायिकांना जवळचा आहे. हा दुवा कुणा टीकाकाराने जोडला असो वा नसो, मद्याच्या मडक्याचा प्रश्न शेवटी इथेच येऊन थांबतो: दोष हा भांड्याचा गुण असेल तर तो कोणत्या अग्नीने जातो?

हितोपदेशाच्या प्रस्तावनेत हेच उलट बाजूने येते. कोऱ्या भांड्यावर पडलेला संस्कार बदलत नाही, म्हणून लहानपणीच मुलांना गोष्टींतून नीती शिकवावी, असे ग्रंथकार सांगतो. तिथे मडक्याची आठवण हा गुण ठरतो.

यहुदी परंपरेने भांड्याच्या या आठवणीचे जवळजवळ भौतिकशास्त्र रचले. बायबलच्या गणना या पुस्तकात, मिद्यानी लोकांशी झालेल्या लढाईनंतर एलाजार याजक सांगतो की सोने, रुपे, पितळ, लोखंड, कथील, शिसे अशा ज्या वस्तू अग्नीत टिकतात त्या अग्नीतून काढाव्या. ज्या टिकत नाहीत त्या पाण्यातून. लेवीय पुस्तकात पापार्पणाचे मांस शिजवलेले मातीचे भांडे फोडायला सांगितले आहे, तर पितळेचे घासून धुवायला. मनूला आणि लेवीयाला मातीबद्दल जे वाटले त्यात विलक्षण साम्य आहे. दोघांनाही कुंभारवाडा माहीत होता, एवढे कारण पुरेसे असावे.

रब्बींनी त्यावरून नियम काढला: भांडे ज्या रीतीने चव शोषते त्याच रीतीने ती बाहेर टाकते. उकळत्या पाण्यात शिजवून शोषली असेल तर उकळत्या पाण्यात बुडवून निघेल. तव्यावर कोरड्या आगीने शोषली असेल तर आगीने लाल होईपर्यंत तापवावे लागेल. बुडवण्यापूर्वी भांडे 24 तास न वापरता ठेवायचे, म्हणजे आत मुरलेली चव शिळी होते आणि शिळी चव दोष देत नाही. आंबवलेल्या द्राक्षमद्याच्या पिंपांना वेगळी रीत आहे. त्यांत पाणी भरून ते दर 24 तासांनी बदलत तीन दिवस ठेवायचे. बिअर करणाऱ्यांना ही वाक्ये आपल्या कामाच्या सूचना वाटाव्यात इतकी ती ओळखीची आहेत.

बिअरचा प्रश्न यहुदी घरात दरवर्षी येतोच, कारण वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाहच्या दिवसांत आंबवलेले धान्य घरात ठेवता येत नाही. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथात निषिद्ध पदार्थांची यादी आहे, तिच्यात मेदी लोकांची बिअर आणि इजिप्तची झिथोम ही बिअर या दोन्हींची नावे आहेत. बिअरचे भांडे त्या आठवड्यात शुद्ध करून घ्यायचे किंवा कुलुपात टाकायचे. कोकणातल्या बेने इस्राएलींनी दुसरा मार्ग धरला होता. तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज पूर्वी या सणाला अनाशी ढाकाचा सण म्हणत असे. आंबट कालवणाची बरणी झाकून ठेवणे ही त्याची खूण होती. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या समाजाच्या इतिहासात ही नोंद केली आहे. भांडे धुण्यापेक्षा ते झाकून दृष्टीआड करणे हाही शुद्धीचा एक प्रकार असतो, आणि तो कमी दर्जाचा नव्हे.

काचेच्या भांड्याबद्दल रब्बींत मतभेद आहेत. स्पेनकडच्या परंपरेत काच काहीच शोषत नाही, ती धुतली की पुरते. जर्मनी-पोलंडकडच्या परंपरेत काच वाळूपासून झालेली, म्हणून मातीसारखी मानतात. एकाने काचेचे वागणे पाहिले, दुसऱ्याने तिचे कूळ पाहिले. बिअर करणारे काचेच्या कार्बॉयवर, म्हणजे अरुंद तोंडाच्या मोठ्या बाटलीवर, जीव टाकतात, कारण काचेत वास राहत नाही आणि ओरखडा पडत नाही. रसायनशास्त्र इथे स्पेनकडच्या बाजूचे आहे. दुसऱ्या मताला मात्र रसायनाने खोटे ठरवता येत नाही, कारण तो रसायनाचा दावाच नाही.

इस्लाममध्ये भांड्यांचा प्रश्न इतिहासक्रमाने सुटत गेला, आणि तो क्रम बोलका आहे. पूर्व अरबस्तानातून अब्द अल-कैस टोळीचे शिष्टमंडळ आले तेव्हा मुहम्मद पैगंबरांनी त्यांना चार प्रकारच्या भांड्यांत पेय करायला मनाई केली. वाळलेला भोपळा, हिरवा रोगणाचा रांजण, खजुराचे पोखरलेले खोड आणि डांबर फासलेले भांडे अशी ती चार. या बंद भांड्यांत खजुराचे पाणी चटकन आंबते आणि पिणाऱ्याला ते कळत नाही. पुढे पैगंबरांचे सहकारी बुरैदा यांच्या कथनानुसार ही मनाई उठली. कोणत्याही भांड्यातून प्या, नशा आणणारे पिऊ नका, एवढाच नियम राहिला. सुरुवातीला लोकांना सवय मोडायची होती, म्हणून भांडी बंद केली. सवय मोडल्यावर भांड्यांचा दोष संपला. दोष रांजणात नव्हता, रांजणाभोवतीच्या सवयीत होता.

खैबरच्या मोहिमेत, सन 628 मध्ये, पाळीव गाढवांचे मांस चुलीवर रटरटत होते. हुकूम आला, ओतून द्या आणि मडकी फोडा. कुणीतरी विचारले, ओतून धुतली तर चालेल का? उत्तर मिळाले, तेही चालेल. ज्या शेजाऱ्यांच्या भांड्यांत डुकराचे मांस शिजते आणि मद्य प्यायले जाते त्यांची भांडी वापरावीत का, असे अबू सअलबा या सहकाऱ्याने पैगंबरांना विचारले तेव्हा, दुसरी मिळत असतील तर ती घ्या, नसतील तर धुऊन घ्या, असे सांगण्यात आले. यहुदी नियमांच्या तुलनेत हे फार सैल वाटते, आणि ते सैल आहेच. त्याहून मौजेचा आहे तो सिरक्याचा निवाडा. मद्य आपोआप आंबून सिरका झाले तर ते शुद्ध, आणि त्यासोबत रांजणही शुद्ध. रांजण कुणी घासला नाही, तापवला नाही. आतला पदार्थ बदलला म्हणून भांडे बदलले. हनफी पंथ मुद्दाम काही घालून केलेला सिरकाही मान्य करतो, शाफई पंथ करत नाही. बिअर करणाऱ्याच्या जगात हे सगळे उलटे चालते: अॅसिटोबॅक्टर हे जंतू शिरून बिअरचा सिरका झाला की ते भांडे पुढच्या खेपेसाठी बाद.

या सगळ्यांत दोष कुठे राहतो याबद्दल तीन वेगळी मते दिसतात. एक म्हणते, भिंतीत मुरतो. दुसरे म्हणते, आतल्या पदार्थात असतो आणि त्याच्याबरोबर जातो. तिसरे म्हणते, वापरणाऱ्यात असतो. तिसऱ्याची सर्वांत धीट मांडणी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने केली. तंत्रालोकाच्या चौथ्या आह्निकात तो म्हणतो की शुद्धी आणि अशुद्धी हे वस्तूचे धर्म नाहीत. अशुद्धी वस्तूचा स्वभाव असती तर कोणत्याही क्रियेने ती गेली नसती, कारण स्वभाव जात नाही. ज्या अर्थी ती जाते असे तुम्हीच मानता, त्या अर्थी ती स्वभाव नव्हे. हा तर्क मनूच्या मडक्यालाही लागू पडतो आणि त्यावर वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांना उत्तर द्यावे लागते.

मीमांसकांचे उत्तर मला सर्वांत समंजस वाटते. शुद्धी वस्तूत नसली तरी ती लहरही नाही. विधीने ती नेमून दिलेली असते. त्यांच्यातल्या शबरस्वामींनी संस्काराची व्याख्या केली ती अशी, की जे झाल्याने एखादा पदार्थ कुठल्या तरी प्रयोजनासाठी योग्य होतो तो संस्कार. व्याख्येतला भार प्रयोजनावर आहे. प्रोक्षण केलेले तांदूळ यज्ञासाठी योग्य होतात. ते अधिक स्वच्छ होत नाहीत. मग भांडे शुद्ध आहे का, हा प्रश्न अर्धवट ठरतो. कशासाठी, हे आधी विचारले पाहिजे.

असे विचारले की पुष्कळ गुंते सुटतात. बिअर करणाऱ्याकडे दोन भांडी असतात. उकळायचे भांडे आणि आंबवायचे भांडे. उकळायचे भांडे नुसते स्वच्छ असले तरी भागते, कारण तासभराच्या उकळीत त्रास देणारे जंतू मरतात. आंबवायच्या भांड्याला तेवढे पुरत नाही. त्यात गार झालेला गोड काढा जातो आणि ओरखड्यात दडलेला लॅक्टोबॅसिलस हा जंतू त्यावर ताव मारतो. म्हणून 19 लिटर पाण्यात सुमारे 30 मिलिलिटर फॉस्फरिक आम्लयुक्त जंतुनाशक मिसळून त्याने भांडे आतून ओले करतात आणि नंतर ते धूतही नाहीत. उकळीच्या कामाला शुद्ध असलेले तेच पातेले आंबवणीला अशुद्ध. पंगतीच्या आमटीला शुद्ध, बिअरच्या फेसाला अशुद्ध. बिअरला शुद्ध, गौरीच्या खिरीला अशुद्ध. तिन्ही वाक्ये एकाच जातीची आहेत. पहिली दोन प्रयोगशाळेत तपासता येतात आणि तिसरे येत नाही, म्हणून तिसरे खोटे ठरत नाही. ते वेगळ्या प्रयोजनाबद्दल आहे.

वैदिक यज्ञातही हाच हिशेब दिसतो. वाजपेय यज्ञात सोमाचे सतरा आणि सुरेचे सतरा पेले असतात. एकाच यज्ञात, एकाच छपराखाली, पण त्यांना वेगळे धरणारे ऋत्विज आणि वेगळी जागा. सौत्रामणी यज्ञात तर सुराच हविर्द्रव्य आहे, आणि ती मोड आलेल्या धान्यापासून करतात. म्हणजे जे द्रव्य मडक्याला कायमचे नासवते तेच यज्ञात देवाला पोचते. झारखंडमधल्या संताळांच्या घरी भात शिजवून त्यात रानू नावाचे विरजण मिसळून हंडिया ही तांदळाची बिअर आंबवतात आणि पहिला घोट पूर्वजांना वाहतात. तिथे हंडियाचे मडके घरातले सर्वांत मानाचे असते. त्याला अशुद्ध म्हणणारा परका ठरेल. ख्रिस्ती मठांसाठी संत बेनेडिक्टने लिहिलेल्या नियमावलीच्या एकतिसाव्या प्रकरणात मठाच्या कोठावळ्याला सांगितले आहे की मठातली सगळी भांडी आणि सामान त्याने वेदीवरच्या पवित्र पात्रांप्रमाणे मानावे. त्याच परंपरेतले मठ शतकानुशतके बिअर करत आले. तिथे काढा ढवळायचा दांडाही कमी पवित्र नाही.

शंकेचा प्रश्न उरतो, आणि तो दोन्ही जगांत सारखाच छळतो. पाश्चरने 1876 मध्ये बिअरवरचा ग्रंथ लिहून दाखवले की बिअर नासते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांमुळे. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हॅन्सनने यीस्टची शुद्ध लागवड केली. त्यानंतर बिअर करणाऱ्याला वास आणि लेप यांची कसोटी अपुरी वाटू लागली, कारण शत्रूला वास नाही आणि लेपही दिसत नाही. आता किती धुतले म्हणजे पुरे? घरगुती साधनांनी भांडे पूर्ण निर्जंतुक करता येत नाही. जंतूंची संख्या इतकी कमी करता येते की यीस्ट त्यांच्या आधी काढ्याचा ताबा घेईल. पूर्ण शुद्धी मागणारा माणूस बिअर करूच शकणार नाही. मनूला हा धोका दिसला होता. देवांनी तीन गोष्टी पवित्र ठरवल्या असे तो सांगतो: ज्याचा विटाळ कुणी पाहिलेला नाही ते, जे पाण्याने धुतलेले आहे ते, आणि ज्याला शब्दाने चांगले म्हटले आहे ते. पहिली गोष्ट शोध थांबवते, दुसरी हाताला काम देते, तिसरी वाद मिटवते. घरच्या वडीलधाऱ्या व्यक्तीने चालेल म्हटले की टोप चुलीवर चढतो. त्या शब्दात रसायन नाही, निर्णय आहे, आणि कुठेतरी निर्णय घ्यावाच लागतो.

एका भांड्याबद्दल मात्र कोणत्याही क्षाराचा किंवा आम्लाचा उपयोग होत नाही. अमेरिकेतले पुष्कळ हौशी लोक बिअर कंपन्यांच्या स्टीलच्या पिंपाचे वरचे तोंड कापून त्याचे पातेले करतात. साडेपंधरा गॅलनचे हे पिंप भक्कम असते, आगीवर टिकते, आणि दुकानात अनामत रक्कम भरली की मिळते. अनामत म्हणजे किंमत नव्हे. ती पिंपाच्या किमतीहून पुष्कळ कमी असते आणि पिंप कंपनीचेच राहते. ते परत न करता कापणे म्हणजे चोरी. मनूने पाचव्याच अध्यायात, भांड्यांचे नियम सुरू होण्याच्या थोडे आधी, सर्व शुद्धींत धनाची शुद्धी श्रेष्ठ ठरवली आहे. जो धनाच्या व्यवहारात शुद्ध तोच शुद्ध. माती आणि पाण्याने धुतलेला नव्हे. कंपनीने मोडीत काढून विकलेली पिंपे बाजारात मिळतात. ज्याला पिंपाचे पातेले करायचे आहे त्याने तसले विकत घ्यावे, आणि अनामतीवर आणलेले दुकानदाराला परत करावे.